मले पळवून पाहा

"मले पळवून पाहा, मंग बोला." कमरेवर हात ठेवून ती हे म्हणायची. समोर डॉक्टर आहे की शिपाई, याच्याशी तिला देणंघेणं नसे.

चिखला गावची पोरगी, वडील मँगनीजच्या खाणीत. पोलीस भरतीसाठी धावायची, पण अर्ध्यात श्वास आत घेताना गळ्यातून शिट्टी वाजायची आणि पाय थांबायचे. आता तुम्हीच सांगा, खाणीच्या गावात कुणाला धाप लागली तर लोक काय म्हणणार? धूळ आणि दमा! दोन वर्षं तिने दम्याचा पंप ओढला, शिट्टी तशीच. भरती तोंडावर आली होती.

"दमा बाबाले हाये. माह्या इथं अडकते," ती गळ्यावर बोट ठेवून सांगायची.

भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात मी गळ्याचे, श्वासाचे व्यायाम शिकवतो. आमच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून नाकातून दुर्बिणीची नळी घातली. गळा झकास. मी शहाण्यासारखा बोललो, "बेटा, टेन्शन घेऊ नको."

"बसल्या बसल्या काय दिसन, सर? मले पळवून पाहा!"

उत्तराची वाट न पाहता ती दवाखान्याचा जिना धडाधड चढू-उतरू लागली. रांगेतले पेशंट तोंड वासून बघत होते. सहाव्या खेपेला शिट्टी वाजली. तशीच येऊन ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "घाला आता." पडद्यावर दिसलं, श्वास घेताना उघडायला हवेत ते स्वरतंतू मिटत होते. मला माझीच लाज वाटली.

छातीच्या डॉक्टरांनीही दमा नाही म्हटलं, पंप बंद केला. मी शिकवलं, नाकाने हुंगल्यासारखा श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून सोडायचा. आधी बसून, मग चालत, मग धावत.

"चूल फुकाले शिकवून राहिले का, सर?" असं म्हणत म्हणत ती ते रोज करायची.

भरतीच्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभा होतो. शेवटच्या वळणावर तिचा हात गळ्याकडे गेला. तिने चंबू केला, फुंकर सोडली आणि सुसाट सुटली.

निवड झाल्यावर पेढे घेऊन आली. पंप माझ्या टेबलावर आपटला. "ठेवा. कोणाले खुर्चीत बसवून शहाणपण सांगाले लागले, तं याच्याकडं पाहा."

आता ती दूर कुठेतरी ट्रेनिंगला आहे. फोन नाही, निरोप नाही. आठवण येते, थोडी भीतीही वाटते, तिकडे पुन्हा शिट्टी वाजली तर?

परवा धावताना धाप लागते म्हणून शाळेतली एक खेळाडू आली. खुर्चीत गळा झकास. माझ्या तोंडात 'टेन्शन' आलंच होतं. पंपाकडे नजर गेली.

"चल," मी म्हणालो, "जिन्यावर."