बंद दाराआडच्या मोटारी

चाळीत दिवसाढवळ्या दार लावून घेणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर नवा नवरा. सीताराम परब दोन्हींपैकी नव्हता. वय बेचाळीस, प्रकृती ठणठणीत, लग्नाला वीस वर्षं झालेली आणि एकुलती मुलगी ललिता शीवला सासरी नांदत असलेली. तरीही दर रविवारी जेवणं आटपली की हा गृहस्थ लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीचं दार आतून लावून घ्यायचा, खिडकीही ओढून घ्यायचा. आणि त्याची बायको मालन सुपात तांदूळ घेऊन बाहेर गॅलरीत बसायची. एवढी गोष्ट चाळीला चघळायला वर्षभर सहज पुरली असती. ती आठ वर्षं पुरली.

आत तो मोटारी रंगवायचा. खेळण्यातल्या, वीतभरही नाहीत अशा, विलायतेत ओतलेल्या धातूच्या मोटारी. साहेब लोक गाशा गुंडाळून गेले तेव्हा त्यांच्या पोरांची खेळणी चोरबाजारात ढिगाने आली होती. सीतारामने तिथून पहिली मोटार उचलली तेव्हा तिला चाकं नव्हती आणि रंगाचे पोपडे निघालेले होते. परळच्या रेल्वे कारखान्यात तो डब्यांना रंग द्यायचा. सबंध आयुष्य साठ-साठ फुटी डबे रंगवण्यात गेलेल्या माणसाला बोटाएवढी मोटार बघून काय झालं, कोण जाणे. पण त्या दिवसापासून तो तिच्या नादी लागला तो लागलाच.

त्याची पद्धत ठरलेली होती. तळाचा पत्रा ज्या रिव्हेटवर बसलेला असतो त्याचं डोकं कानशीने घासायचं आणि मोटार उघडायची. मग कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून जुना रंग उतरवायचा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरायची, पॉलिश पेपरने घासायचं. मोडक्या छत्रीच्या काडीचा आस करायचा, रबरी नळीच्या चकत्या कापून टायर करायचे. आणि मग खारीच्या केसांच्या ब्रशने एकावर एक तीन पातळ हात. हे हात देताना हवेत धुळीचा कण चालायचा नाही. गिरण्यांच्या त्या वस्तीत कापसाचे तंतू सतत उडत असायचे, म्हणून दार बंद. बायकोच्या लुगड्याचे धागे उडतात, म्हणून बायको बाहेर.

मालनला याचं काही वाटायचं नाही, असं ती सांगायची. बायकांनी नळावर डिवचलं की म्हणायची, "पितो नाय, खेळतो नाय, मोटारी रंगवतो. माझं काय जाता?" पण खरं सांगायचं तर वाटायचं. आपल्याच घराच्या दाराबाहेर पाहुण्यासारखं बसणं कुठल्या बाईला आवडेल? आवडत नव्हतं, पण ती बोलली नाही आणि त्याने विचारलं नाही. दोघांचा संसार असा कमी बोलण्यावरच चालला होता, आणि बरा चालला होता.

मग छप्पन्न साल उजाडलं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी घोषणा जानेवारीत झाली आणि गिरणगाव पेटलं. गोळीबार झाले, संचारबंदी लागली, चाळीचाळींतून माणसं गेली. दाराशी गप्पा मारणारी चाळ आता खालच्या आवाजात बोलू लागली. कोपऱ्यावर कुणी नवा माणूस विडी ओढत उभा दिसला की त्याच्या बुटांकडे आधी बघायचं, हे पोरंसोरंसुद्धा शिकली. साध्या कपड्यातला पोलीस बुटांवरून कळतो, असं नानांचं म्हणणं होतं. नाना म्हणजे चाळीतले जुने जॉबर, गिरणीतले मुकादम; त्यांचा शब्द तिथे शेवटचा.

आणि नेमक्या याच दिवसांत सीतारामकडे एक हवालदार येऊ लागला.

गणपत साबळे त्याचं नाव. नायगावच्या पोलीस लायनीत राहायचा, मूळचा साताऱ्याकडचा. एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर ड्युटी असताना त्याला एक पांढरी ॲम्ब्युलन्स मिळाली होती, तीन इंच लांबीची. तिचा रंग गेला होता आणि मागचं एक चाक तुटलं होतं. कुणीतरी त्याला सीतारामचं नाव सांगितलं. पहिल्यांदा आला तो खेळणं द्यायला. दुसऱ्या रविवारी आला तो नुसता बसायला. तिसऱ्यांदा आला तेव्हा शिमगा उलटून गेला होता, आणि या खेपेला दार लावून दोघं तासभर आत होते. मालन बाहेर तांदूळ निवडत होती. आतून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. समोरच्या खोलीतली शेवंती दारात उभी राहून केस विंचरत होती, ती तासभर विंचरतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले. ना कुणाला विचारलं, ना एक खोली उघडली. सरळ तळमजल्यावरच्या तालमीत शिरले आणि आखाड्याची लाल माती कोपऱ्यात उकरली. खाली लाकडी खोका होता, त्यात मुंबईसाठी लढणाऱ्या समितीची पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइल यंत्र. ते चालवणारा रामदास म्हणून पोरगा होता, गिरणीत कारकून. त्याला कामावरून उचलला. खोका मातीत पुरलाय हे चाळीबाहेर कुणालाही माहीत असायचं कारण नव्हतं. मग कोणी सांगितलं?

कोणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. संध्याकाळी मालन नळावर गेली तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या, आणि तिची कळशी भरून ती जिना चढेपर्यंत थांबलेल्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर कोळशाने लिहिलेलं होतं, 'फितूर'. रंगाच्या धंद्यातला माणूस, पण सीतारामने ते पुसलं नाही. बघितलं, चपला घातल्या आणि कामावर गेला. मालनने ओल्या फडक्याने घासून घासून काढलं. दार तेवढ्यापुरतं जास्तच स्वच्छ दिसू लागलं आणि लिहिलेलं कुठे होतं ते सगळ्यांना कळत राहिलं.

घासता घासता तिच्या मनात जे आलं ते तिला स्वतःलाच नको होतं. खरंच असेल तर? पोलीस खेळण्यासाठी तीनतीनदा येतो? ॲम्ब्युलन्स तर दुसऱ्याच रविवारी तयार झाली होती, फळीवर वाळत ठेवलेली तिने पाहिली होती. मग तिसऱ्यांदा तासभर काय? आणि तयार झालेली वस्तू तो न घेताच का गेला? तिला आठवायला लागलं की धाडीच्या दिवशी सकाळी सीताराम कामावर जाताना जिन्यात रामदासशी काहीतरी कुजबुजला होता. रामदासने हात झटकला होता. माणूस धरून देण्याआधी त्याला गोड बोलून चाचपतात, असं नाना सांगायचे. एकदा संशयाने घर केलं की त्याला सगळंच पटत जातं. वीस वर्षं संसार केलेला नवरा तिला चार दिवसांत परका वाटू लागला. तो जेवायला बसला की ती त्याच्या हातांकडे बघायची, आणि मग स्वतःचीच लाज वाटून आमटी वाढायची.

गुरुवारी तो कामावर असताना तिने फळीवरची ॲम्ब्युलन्स काढली. हलवली, तर आत काहीतरी खुळखुळलं. चिठ्ठ्याचपाट्या अशाच पाठवत असतील, दुसरं काय! तिने दार लावलं. हो, तिनेसुद्धा. चाकूचं टोक तळाच्या पत्र्याखाली घालून उचकटलं. रिव्हेट वाकलं, पत्रा सुटला, आणि आतून तिच्या तळहातावर पडलं ते एक इवलंसं स्ट्रेचर, सुटून खुळखुळणारं, त्यावर निजलेला धातूचा माणूस. त्याच्या पांघरुणालाही सीतारामने लाल रंग दिला होता, बाहेरून कुणाला कधी दिसणार नाही असा.

मग तिने स्ट्रेचर आत घातलं, पत्रा बसवला आणि वरवंट्याने रिव्हेट ठोकलं. जमलंय असं तिला वाटलं. ॲम्ब्युलन्स फळीवर गेली. संशय मात्र गेला नाही. चिठ्ठी सापडली नाही एवढंच कळलं होतं. तासभर काय बोलणं झालं ते कळलं नव्हतं. ते विचारायला चाकू लागत नाही, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

रविवारी नानांनी तालमीत सभा बोलावली. पुरुष आत बसले, बायका दाराशी उभ्या राहिल्या. मारुतीसमोर नारळ ठेवला होता.

"सीताराम," नाना म्हणाले, "आमचा तुझ्यावर आरोप नाय. मारुतीसमोर नारळावर हात ठेव आणि एवढंच म्हण, की त्या हवालदाराशी चाळीतलं अक्षर बोललो नाय. विषय संपला."

सोपं होतं. हात ठेवायचा, एक वाक्य बोलायचं, चहा प्यायचा. सीतारामने नारळाकडे बघितलं. कोकणातला माणूस कोर्टात एक वेळ खोटं बोलेल, नारळावर हात ठेवून नाही.

"ह्या माझ्याच्यान होवचा नाय," तो म्हणाला.

तालमीत एकदम कालवा झाला. नानांनी हात वर केला. "म्हणजे चाळीचं बोलणं झालं?"

"मी कोणाक विकूक नाय. त्याची शपथ घेतंय."

"ती नको. सांगतो ती घे."

सीतारामने नकारार्थी मान हलवली. नानांनी दाराकडे मान वळवली. त्यांच्या आवाजात आता कीव होती. "मालन, तू तरी सांग गो. तू घरची बाई. काय बोलत होते दोघं?"

'मोटारीचंच,' एवढं तिने म्हटलं असतं तरी भागलं असतं. मालनच्या शब्दाला चाळीत किंमत होती, अर्धे लोक तिथेच उठून घरी गेले असते. ते शब्द तिच्या जिभेवर आलेही. पण तिच्या डोळ्यांसमोर तो बंद दरवाजा आला.

"मी भायर होतंय," ती म्हणाली.

सीतारामने तिच्याकडे एकदाच बघितलं. रागाने नव्हे. डब्यावरचा रंग कुठे उडालाय हे तपासताना तो जसं बघायचा, तसं. मग उठला आणि वर निघून गेला.

पुढचे दोन महिने चाळीने परबांना वाळीत टाकलं. ललिताच्या सासरीही कुणकुण गेली, तिने येणं बंद केलं. सीताराम मोटारींना हात लावेना. रविवारी दार सताड उघडं ठेवून भिंतीला टेकून बसायचा, आणि जाणारे-येणारे मान वळवून पुढे जायचे. हवालदार साबळे पुन्हा फिरकला नाही. त्याची कुठेतरी बदली झाल्याचं कानावर आलं. नवराबायको मीठ-मिरचीपुरतं बोलत होती.

मे महिन्यात रामदास सुटला. आला तो घरी न जाता दोन जिने चढून सरळ परबांच्या दारात, आणि सगळ्या गॅलरीसमोर सीतारामच्या पाया पडला. मग नानांना हाक मारून मोठ्याने सांगितलं. यंत्राला स्टेन्सिल पुरवणारा माणूस गिरगावात आधीच धरला गेला होता, त्याने खोक्याच्या जागेसकट सगळं ओकलं होतं. साबळे हवालदाराला ते कळलं. तालमीवर नजर आहे, पोरांना सावध कर, एवढं सांगायला तो तिसऱ्यांदा आला होता. अंगावर खाकी असली तरी मुंबई त्यालाही हवी होती. "काकांनी सकाळीच मला जिन्यात सांगितलं," रामदास म्हणाला. "पोलिसाच्या दोस्ताचं काय ऐकायचं, म्हणून मीच उडवून लावलं. साबळ्याचं नाव फुटलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, तुरुंगात गेला असता. म्हणून काका गप्प. आता तो नोकरी सोडून गावी गेलाय, म्हणून बोलतो."

चाळीचं मन मोठं असतं. चूक झाली की पेढे आणते. नाना स्वतः पुडा घेऊन आले, त्यांचे डोळे भरून आले होते. सीतारामने पेढा खाल्ला, "असांदे" म्हणाला. शेवंतीने मालनची कळशी भरून आणून दिली. लोकांनी एवढा जीव लावला की मालनला घरात तोंड लपवायलाही जागा उरली नाही. तो ओरडेल, निदान दोन शब्द लागतील असे बोलेल, याची ती वाट बघत राहिली.

रविवारी जेवण झाल्यावर सीतारामने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि कानस काढली. मालनला बरं वाटलं. तिने लगबगीने सूप उचललं.

"ती ॲम्ब्युलन्स दी गो," तो म्हणाला.

तिने दिली. त्याने ती उलटी केली आणि चेपलेल्या रिव्हेटवर अंगठा फिरवला. "वरवंट्यान ठोकलंस?"

मालन म्हणाली, "कधी बघितलात?"

"त्याच सांजेक. सभेच्या आदी."

"मग बोललात कित्याक नाय?"

"वाट बघी होतंय," सीताराम म्हणाला. तो रिव्हेट घासू लागला होता, हळूहळू, पत्र्याला ओरखडा जाऊ नये अशा बेताने. "चाळ काय, चाळ बोलतली. तू इचारशील असा वाटला होता. तुका सांगितला असता."

मालन सूप छातीशी धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते तिने पुसलं नाही.

"आता इचारू?" ती म्हणाली. "काय म्हणालो तो हवालदार?"

"आता कित्याक?" तो कानशीवरून मान न उचलता म्हणाला. "आता सगळ्या चाळीक म्हायत आसा."