चंपतच्या तीन हजेऱ्या

चंपत मेश्राम इतकं कमी बोलायचा की टोळीतले लोक विचारत, "तोंड घरी ठेवून येतं का बे?" पण भट्टीचं लोखंड वर चढवताना दोराची गाठ पक्की आहे की नाही, हे खालून एका नजरेत सांगणारा खलाशी, म्हणजे दोरांनी जड लोखंड चढवणारा मजूर, तोच. १९५८ साली तो बायको भीमाबाईला घेऊन भंडाऱ्याहून भिलाईला आला आणि पोलाद कारखान्याच्या बांधकामात ठेकेदाराच्या कामावर लागला. तिथे त्याची जोडी जमली टोळीतल्याच तेजरामशी.

पुढच्याच वर्षी एका सकाळी कामाच्या फाटकाशीच एक गंजका खिळा चंपतच्या चपलेतून तळव्यात घुसला.

ठेकेदाराचा दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकी कारभार भय्याजी कंपाउंडरचा. त्याने जखम उघडली नाही, धुतली नाही, वरूनच पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी पाय सुजला, तरी त्यावरच दुसरी पट्टी. तिसऱ्या दिवशी तेजरामने चंपतला पाठीवर घेऊन दारात सोडलं. पायाला वास येत होता. भय्याजी म्हणाला, "नखरे मत कर, डॉक्टर साहब गुरुवार को आएंगे."

गुरुवारपर्यंत विष पोटरीत चढलं होतं. मोठ्या इस्पितळात गुडघ्याखाली पाय कापावा लागला. तिथले सर्जन हळहळले, "पहिल्याच दिवशी जखम उघडून धुवायला हवी होती."

युनियनच्या जानरावांनी भरपाईचा दावा लावला. ठेकेदाराचं उत्तर आलं : हा माणूस दवाखान्यात आलाच नाही, घरगुती लेप लावून पाय नासवला, तिन्ही दिवस तो कामावर हजर होता.

हजेरी खरोखरच लागली होती. सकाळी फाटकावर पितळी बिल्ला टांगला की हजेरी लागे, आणि दवाखान्यात गेलं की दिवसाची मजुरी बुडे. म्हणून जो जाईल त्याचा बिल्ला सोबत्याने टांगायचा, असा टोळीत रिवाजच होता. चंपतचा बिल्ला तिन्ही दिवस तेजरामने टांगला होता. भय्याजीने तर दवाखान्याच्या वहीत काहीच लिहिलं नव्हतं.

"अवो, तेजरामभाऊचं नाव सांगून टाका ना," भीमाबाई म्हणाली.

"अन् त्याले कामावरून काढलं त?"

"तुमचा पाय गेला, त्याचं काय?"

"पाय माहा गेला. त्याच्या घरच्या पाच जनाईनं कावून उपाशी मराव?"

दुर्गला भरपाईचे दावे ऐकणाऱ्या साहेबांपुढे सुनावणी झाली. तेजराम त्याला धरून घेऊन गेला आणि दाराशी बाकावर बसला. साहेबांनी विचारलं, "हजर होतास, तर दवाखान्यात कसा गेलास?"

"बिल्ला दुसऱ्यानं टांगला साहेब. मीच सांगतलं होतं."

"कोणी?"

"नाव नाही सांगत साहेब."

"म्हणजे लबाडी तुझीच. साक्षीदारही नाही."

"हो साहेब. लिहा तसंच."

साहेबांनी टाक उचलला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "लिहू नका साहेब. बिल्ला मी टांगला. दवाखान्यात बी मीच नेलं, त्या कंपाउंडरचं बोलनं ह्या कानानं आयकलं."

चंपत कुबडी आपटत ओरडला, "तुले कोनं बोलावलं बे? भायेर हो!"

"तू गप. आतालोक कवा बोलला नाही, आज कायले गळा काढतं?"

जखम न तपासताच बांधली, हा दवाखान्याचा हलगर्जीपणा, असा निकाल झाला. दावा चंपतने जिंकला. आठवड्याभरात ठेकेदाराने तेजरामला काढलं. तो अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या खाणीवर दगड फोडायला गेला.

चंपतला भरपाई गोड लागेना. दोन महिने त्याने तेजरामचं नाव काढलं नाही. मग एके सकाळी त्याने भीमाबाईकडून भाकरी बांधून घेतली आणि कुबड्यांवर सुपेल्याच्या नाक्यावर जाऊन बस धरली.

खाणीत तेजरामने घण खाली ठेवला. "आला का लंगड्या?"

चंपत दगडावर बसला आणि त्याला शिव्या देऊ लागला. सुनावणीच्या, नोकरीच्या, घरच्या पाच जणांच्या, आठवेल त्या सगळ्या गोष्टींवरून. जेवणाची सुट्टी संपत आली तरी तो थांबला नाही. तेजराम समोर बसून त्याची भाकरी खात, मान डोलवत ऐकत होता.