जित्या माणसाची शेरवानी

गोदाक्का कळंबला वारली ही बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरने कचेरीच्या ओट्यावर येऊन दिली. कळंबला कुणाच्या तरी नातवाचे बारसे होते. त्याच्यासाठी शिवलेली वाकळ, म्हणजे गोधडी, पोचवायला ती आदल्या दिवशी गेली होती. कंडक्टर म्हणाला, "अर्जनवीससाहेब, तुमच्या अक्का गेल्या. न्याहारीला बसल्या त्या बसल्याच." त्या वेळी मी बांधाच्या तक्रारीचा एक अर्ज लिहीत होतो. तो पुरा केला, अर्जदाराचा अंगठा घेतला, दौतीला बूच लावले आणि मग उठलो. याबद्दल नातलगांनी मला नावे ठेवली. ठेवोत. अर्धवट अर्ज दाखल होत नाही. थोरल्या बहिणीची बाबही मला अर्धवट सोडायची नाही, म्हणून हा लेख.

गेलेल्या माणसाविषयी गोडच लिहावे असा प्रघात आहे. या पुरवणीत मी असे लेख वाचतो. त्यांतला प्रत्येक मृत मनुष्य प्रेमळ आणि कष्टाळू असतो. गोदाक्का कष्टाळू होती, हे मी मान्य करतो. माझी पत्नी सुमनला वर्षाची ठेवून वारली तेव्हा अक्का, स्वतः विधवा, आपले गाठोडे घेऊन धाराशिवला आमच्या घरी आली आणि तिने त्या पोरीला वाढवले, हेही मान्य करतो. बाकीचे मान्य करत नाही. तोंडावर मी तिला जन्मभर 'तुम्ही' म्हणालो. इथे 'ती' म्हणतो, कारण आता तिच्या रागाचा प्रश्न उरलेला नाही.

वाकळी शिवणाऱ्या बाया आमच्या भागात घरोघर आहेत. पण अक्काची वाकळ म्हणजे एखाद्या प्रसंगाची वाकळ. बारसे, लग्न, कुणाची नोकरी लागली, कुणी काशीहून परतले, की उमरग्यापासून कळंबपर्यंतचे लोक जुने कपडे बोचक्यात बांधून आमच्या ओसरीवर येत आणि ती एकेक कापड हातात धरून उलटतपासणी घेई. हे कुणाचे, कोणत्या दिवशी अंगावर होते, हा डाग कशाचा… कोरे कापड ती घेत नसे. "अंगावर न पडलेलं कापड मुकं असतंय," म्हणे. आणि तिचा एक कायदा होता. कळंबचा एक किराणा दुकानदार आपल्या बापाचा फेटा घेऊन आला होता, तेव्हाचा संवाद मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला आहे.

"बाप हाय का तुजा?"

"हाय की. चांगला खणखणीत हाय."

"इचारलंस त्याला?"

"म्हातारा निजला होता, अक्का. एवढ्याशा फेट्यासाठी काय उठवायचं?"

"मग जा माघारी. मेलेल्याचं कापड खुशाल कातरावं, त्याला त्याचं काम न्हाय. जित्याचं इचारूनच. न्हाईतर त्याला जित्तेपणी तिरडीवर घातल्यावानी हुतंय."

दुकानदार भर उन्हात माघारी गेला आणि दुसऱ्या दिवशी बापालाच घेऊन आला. ही होती गोदाक्का. दुसऱ्यांसाठी.

माझी एक शेरवानी होती. काळी, बंद गळ्याची, तुळजापूरच्या शिंप्याने माप घेऊन शिवलेली. निजामी अमदानीत अदालतीच्या पायरीवर उभे राहायचे तर पेहराव लागे आणि दरख्वास्त उर्दूत लिहावी लागे. माझे शिक्षण चार बुकांचे. पण त्या शेरवानीत मुन्सफापुढे कागद ठेवणारा पेशकारसुद्धा मला 'आइए मुन्शीजी' म्हणत असे. पुढे विलीनीकरण झाले, कागद मराठीत आले, कचेरीत पांढऱ्या टोप्या आल्या आणि मला पाहून पोरेसोरे 'नबाब आले, नबाब आले' म्हणू लागली. मी शेरवानी कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवली. ठेवली, टाकली नाही. मराठी अर्जही मी लिहायला शिकलो, चांगले शिकलो. परंतु 'मुन्शीजी' हा शब्द मला पुन्हा कुणी दिला नाही. माझी एकच इच्छा उरली होती. सुमनच्या लग्नात, व्याह्यांसमोर, ती शेरवानी घालून उभे राहायचे. हे मी घरात वारंवार बोलून दाखवले होते. अक्का सुई ओवत ऐके आणि म्हणे, "नारू, नवरदेव तू हायेस का जावई?"

सुमनला उमरग्याचे स्थळ आले. लग्नाची वाकळ अर्थात अक्काची. मधोमध सुमनच्या आईचे इरकल लुगडे, भोवती दोन्ही घरांतल्या माणसांची कापडे. सासरकडची आणायला ती स्वतः उमरग्याला जाऊन आली. बापाचे कापड म्हणून मी माझे एक चांगले धोतर काढून दिले होते. त्याची घडी लग्नापर्यंत कोनाड्यात तशीच होती. मला शंका यायला हवी होती. आली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी ट्रंक उघडली. पाला होता. पाल्याखाली एक चिंधीची पुरचुंडी होती आणि तिच्यात शेरवानीच्या गुंड्या. बाकी काही नाही.

बाहेर वाजंत्री लागली होती. मी शेजारच्या मास्तरांचा कोट घालून मांडवात उभा राहिलो. त्याच्या बाह्या माझ्या मनगटापर्यंतही येत नव्हत्या. व्याह्यांना पानसुपारी देताना माझे हात उघडे पडत होते… ते हात मी अजून विसरलेलो नाही.

वऱ्हाड गेल्यावर मी तिला ओसरीवर गाठले.

"अक्का, शेरवानी कुठंय?"

"वाकळंत. आतल्या थरात. बापाचं कापड लागतंयच की."

"मी धोतर दिलं होतं."

"धोतर कोनाड्यात ऱ्हायलं तरी चाललं. शेरवानी ट्रंकंत ऱ्हायली असती तर तू घातली असतीस." मग आवाज उतरवून म्हणाली, "तुज्या व्याह्याच्या थोरल्या भावाला रझाकारीत घरातनं उठवून नेलं. माघारी आला न्हाई. न्यायला आलेला मानूस असल्याच काळ्या शेरवानीत हुता. कापडं मागायला गेले तवा विहिणीनं त्या भावाचा सदरा काढून दिला अन् रडत सांगितलं. पोरीचा बाप तसाच उभा ऱ्हायला असता मांडवात?"

"मग मला सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर कातरू दिली असतीस?"

 याचे उत्तर मी आजही देत नाही, कारण तो प्रश्नच गैरलागू आहे. जन्मभर मी लोकांचे म्हणणे कागदावर मांडत आलो. खून करणाऱ्या माणसालाही विचारतात, बाबा, तुझे म्हणणे काय? माझ्या बहिणीने माझे म्हणणे घेतले नाही. कळंबच्या त्या म्हाताऱ्याला विचारले, मला नाही. मी शेरवानी ट्रंकेतच ठेवली असती की नसती, ते सिद्ध करण्याची संधी तिने माझ्याकडून कायमची काढून घेतली. तिच्याच कायद्याने पाहिले तर तिने मला जिवंतपणी तिरडीवर घातले. तिचा हेतू चांगला होता असे सगळे म्हणतात. एकतर्फी निकाल देणाऱ्या प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो.

त्यानंतर एका घरात राहून मी तिच्याशी कामापुरते बोललो. तिला त्याचे काही वाटले नाही. ती दारात बसून शिवत राहिली, लोक येत राहिले. मी कचेरीतून परतलो की मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, "सरकारला अर्ज करतोय, पर बहिणीला जाब इचारंना." जाब मी विचारला होता. उत्तर मला मान्य नव्हते, एवढेच.

अक्काचे दिवस झाल्यावर सुमन पहिल्या बाळंतपणासाठी आली. येताना तीच वाकळ घेऊन आली. म्हणते, दुसऱ्या पांघरुणात तिला झोप येत नाही. शेरवानीचा जाड थर आत आहे, त्यामुळे ती ऊबदार आहे, यात अक्काची करामत नाही. कापडच तसे होते.

परवा सुमन म्हणाली, "अण्णा, बाळाच्या वाकळंला आत्याचं लुगडं पायजे. तेवढं द्या ना कापून. माज्याच्यानं हात लागंना."

अक्काच्या खोलीत, वलणीवर, कळंबला जाण्यापूर्वी तिने वाळत घातलेले लुगडे तसेच आहे. मी तिची लोखंडी कात्री घेतली आणि लुगड्यापुढे उभा राहिलो.

"अक्का," मी म्हणालो, "सुमनच्या लेकराला तुमचं लुगडं लागतंय. कापू का?"

सुमन दारातून म्हणाली, "असं काय करता, अण्णा? मेलेल्याला कुठं इचारत्यात? आत्याच म्हनायची की."

"तुझ्या आत्याने जित्याला विचारलं नाही," मी म्हणालो. "मी मेलेल्यालाही विचारणार."

कात्री कोनाड्यात ठेवली आहे, गुंड्यांच्या पुरचुंडीशेजारी. रोज कचेरीला जाण्यापूर्वी मी त्या खोलीत जातो, विचारतो, थोडा थांबतो… लुगडे वाऱ्याने हलते, पण हलणे म्हणजे उत्तर नव्हे. सुमनचे दिवस भरत आले आहेत. अक्काने फार वेळ लावू नये.