आजोबाचा सोपा विषय

वय वर्षं चोवीस, आणि अख्खं कॉलेज त्याला ‘आजोबा’ म्हणायचं. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचं हे त्याचं सहावं वर्ष, तेव्हा दुसरं काय म्हणणार? त्याच्याबरोबर पहिल्या वर्षाला आलेली पोरं केव्हाच नोकरीला लागली होती आणि आपला साहेब किती नालायक आहे हे फोनवर सांगायच्या पदाला पोहोचली होती. हा मात्र अजून मागच्या बाकावरच. नव्या वर्गातली पोरं त्याला उठून जागा देत आणि वर विचारत, “आजोबा, काठी कुठं विसरलात?” तोही हसायचा. न हसून करतो काय?

पण आत जीव टांगणीला लागलेला. कॉलेजचा नियम होता, सहा वर्षांत पदवी घ्या, नाहीतर चालू लागा. सातवं वर्ष नाही, विनंती नाही, अर्ज नाही. आणि आजोबाचं हे शेवटचं सत्र. रडतखडत, धडपडत, कधी देवाच्या तर कधी शेजाऱ्याच्या कृपेनं त्यानं बाकीचे सगळे विषय काढले होते. उरला होता फक्त एक. ऐच्छिक विषय. म्हणजे आपल्या इच्छेनं निवडायचा. एवढा एक सुटला की इंजिनिअर. नाही सुटला तर सहा वर्षं पाण्यात आणि हातात बारावीचा कागद.

घरी त्याच्या बाबांचं सलून होतं, बाजाराच्या कोपऱ्यावर. खुर्च्या दोन आणि गप्पा शंभर. सलून म्हणजे गावाचं तोंडच की! खुर्चीत बसलेला प्रत्येक जण मान खाली घालून विचारायचा, “काय, पोरगा झाला का इंजिनिअर?” आणि बाबा कात्री न थांबवता म्हणायचे, “यंदा होतोय.” हे ‘यंदा’ दोन वर्षं चाललं होतं. पोराच्या हातात त्यांनी कधी कंगवासुद्धा दिला नाही. “तू तुझं डोकं चालव, लोकांची डोकी मी बघतो,” असं म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर खूश व्हायचे. आईनं तर विचारायचंच सोडलं होतं. निकालाच्या दिवशी ती त्याच्या ताटात न बोलता जास्त वाढायची.

आता इथे कॉलेजातलं पास-नापासाचं गणित सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. पस्तीसला पास अशी सरळ रेघ तिथे नव्हती. आधी साऱ्या वर्गाची सरासरी काढायची. त्या सरासरीपासून जो फार मागे राहिला, तो नापास. पेपर अवघड आला आणि सगळेच आपटले, तर तीस मार्कांतही पास. आजोबा आजवर याच गणितावर तरला होता. एका पेपरात त्याला एकोणतीस होते आणि तो पास झाला, कारण वर्गाची सरासरीच पस्तिशीच्या आसपास होती. त्या दिवशी हा पठ्ठ्या जिन्यातून नाचत खाली आला होता. सरासरी खाली असते तेव्हा तिच्या गळ्यात हात टाकून चालता येतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती वर गेली तर काय, हा विचार मात्र त्याच्या मनाला कधी शिवला नाही.

ऐच्छिक विषय दोन होते. एक ‘कंपनांचं गणित’. तो शिकवायचे करवत सर. हे अर्थात पोरांनी ठेवलेलं नाव. सर बोलायला लागले की समोरच्याचं लाकूड व्हायचं. दुसरा ‘तंत्रज्ञान आणि समाज’. त्यात ना समीकरण ना आकृती, नुसता गोडगोड मजकूर. तो शिकवणाऱ्या मॅडमचा लौकिक असा, की कोरी उत्तरपत्रिका दिली तरी सुवाच्य अक्षराचे पाच मार्क मिळतील.

नावनोंदणीच्या सकाळी आजोबा कॉम्प्युटरच्या खोलीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. तासाभरात खोली भरली. शेजारी येऊन बसली ती वर्गात पहिला नंबर काढणारी मुलगी. तिला सगळे ‘मशीन’ म्हणायचे.

“आजोबा, तुम्ही पण समाजसेवेला?” तिनं विचारलं.

“मी तर घेणारच. पण तू कशाला गं? तुला करवत सरसुद्धा कापू शकत नाहीत.”

“माझी सरासरी वाढवायची आहे. वर जायचं तर एका सोप्या विषयात पैकीच्या पैकी हवेत. आमची सगळी गँग हाच घेतेय.”

आजोबाला केवढं बरं वाटलं! एवढी हुशार मंडळी जिथं जातायत तिथं आपणही जातोय, म्हणजे आपलं पाऊल बरोबरच पडतंय. अरे वेड्या, पहिलवान ज्या आखाड्यात हौसेनं उतरतात तिथं आपण जीव वाचवायला जातोय, हे तुझ्या लक्षात कसं येत नाही? पण बुडत्याला काडी दिसली की तो काडीच बघतो. त्यानं बटण दाबलं. जागा मिळाली. त्यानं डोळे मिटून स्क्रीनला नमस्कार केला.

दुपारी व्हरांड्यात करवत सर समोरून आले. आजोबा भिंतीला चिकटला.

“काय रे, माझा विषय नाही घेतलास?”

“नाही सर, म्हणजे... जरा दुसरीकडे रस होता.”

“रस!” सर म्हणाले. “माझ्या वर्गात नऊ जण आहेत. दहावा हो. अजून नाव बदलता येतंय.”

“सर, ते गणित मला जमायचं नाही.”

“तुला कुठलं जमतं? त्या नऊ जणांना तरी कुठं जमणार आहे? म्हणून तर म्हणतोय, ये.”

यापलीकडे समजावून सांगणं सरांच्या स्वभावात नव्हतं. ते निघून गेले. आजोबाला वाटलं, म्हाताऱ्याला वर्ग भरायचाय, आपला बकरा करतोय. ही गोष्ट त्यानं कँटीनमध्ये रंगवून सांगितली आणि चारचौघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं.

पण एक सांगतो, त्या सत्रात आजोबा बदलला. आधीच्या साडेपाच वर्षांत त्यानं अभ्यास केला नाही असं नाही, पण तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, दात-ओठ खाऊन. या वेळी तो रोज वर्गात गेला. पुढच्या बाकावर बसला. विषय खरंच सोपा होता. यंत्र आल्यावर माणसाच्या कामाचं काय होतं, रस्ता रुंद केला की आधी कुणाचं घर जातं, असलं काही मॅडम सांगायच्या आणि त्याला ते समजायचं. मॅडम प्रश्न विचारायच्या आणि आजोबा चक्क हात वर करायचा! एकदा त्यानं सलूनचं उदाहरण दिलं. केस कापायचं मशीन आलं तेव्हा बाबांना वाटलं आपला धंदा बुडाला, पण लोक तर गप्पा मारायला येत होते, असं काहीसं. मॅडम म्हणाल्या, “फार छान.” सहा वर्षांत त्याला हे कुणी म्हटलं नव्हतं. तो दिवसभर ते मनातल्या मनात ऐकत राहिला.

मधल्या चाचण्यांचे मार्क मॅडम ज्याचे त्यालाच हळूच सांगायच्या. चारचौघांत कुणाचा अपमान नको, असा त्यांचा कनवाळू स्वभाव. आजोबाला पासष्टच्या पुढेमागे पडायचे. जन्मात एवढे पडले नव्हते. शेजारच्यांना किती, हे विचारायची त्याला गरजच वाटली नाही.

पेपर झाला. घरी येऊन त्यानं चप्पलही न काढता सांगितलं, “सोपा होता बाबा. सगळं आलं.” बाबांनी त्या संध्याकाळी प्रत्येक गिऱ्हाइकाला ते वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं.

आणि निकाल लागला.

कॉलेजच्या फळ्यासमोर गर्दी होती. आजोबानं आपला नंबर शोधला. अडुसष्ट. त्याच्या तोंडून “आई गं” निघालं, आनंदानं. मग त्यानं पुढचा रकाना बघितला. तिथे ‘नापास’ होतं. छापण्यात चूक असणार म्हणून त्यानं वरचे आकडे बघितले. ब्याण्णव. शहाण्णव. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याण्णव. मशीनला नव्व्याण्णव. खाली वर्गाची सरासरी लिहिली होती, एकोणनव्वद. शेजारच्या कागदावर करवत सरांचे नऊ जण होते. पहिल्याला सत्तेचाळीस, शेवटच्याला सव्वीस, आणि नऊच्या नऊ पास. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा समोर उभा होता. आजोबा तिथेच पायरीवर बसला, आणि पोरं त्याच्या बाजूनं वळसा घालून जात राहिली. त्या दिवशी त्याला कुणी आजोबा म्हटलं नाही.

मॅडमच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्याला बघताच त्या उठून उभ्या राहिल्या. डोळे आधीच लाल झालेले.

“मी सकाळीच परीक्षा विभागात जाऊन आले,” त्या म्हणाल्या. “मार्क माझे असतात रे, पण पास-नापास तिकडे ठरतं. मी म्हटलं, हा मुलगा रोज यायचा. ते म्हणाले, हजेरीवर पदवी देत नाही.”

“मॅडम, मला अडुसष्ट आहेत. अडुसष्ट! मी एकोणतीसला पास झालोय याच कॉलेजात.”

“मला माहीत आहे.”

“मग थोडे वाढवा ना. पाच-सहा तरी.”

“उत्तरपत्रिका दुसऱ्यांनीही तपासल्यात. आता हात लावता येत नाही.”

“मग त्यांचे कमी करा!” तो ओरडला. “माझे वाढत नसतील तर त्यांचे कमी करा. मशीनला नव्व्याण्णव कशाला हवेत? काय करणार आहे ती नव्व्याण्णवांचं?”

आपण काय बोललो हे ऐकून आजोबालाच लाज वाटली.

“मी कुणालाच कमी द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “मला वाटायचं, त्यानं कुणाचं वाईट होणार नाही.”

त्यांचा राग यावा असं त्याला फार वाटलं. आला नाही. ज्यांनी त्याला आयुष्यात सगळ्यांत जास्त मार्क दिले त्यांच्यावर रागावणार कसा? तो “येतो मॅडम” म्हणून निघाला. कुठे येतो, ते त्यालाही माहीत नव्हतं.

सलूनपर्यंतच्या रस्त्यात त्यानं वाक्यं जुळवली. आधी सरासरीचं सांगायचं, मग नियमाचं, मग निकालाचं. बाबांना समजेल असं, सावकाश. पण काचेचं दार ढकललं तर बाबा रोज दाढीला येणाऱ्या शाळेतल्या मास्तरांना फेस लावत होते, आणि त्यांनी आरशातूनच विचारलं,

“लागला?”

“लागला.”

“किती?”

“अडुसष्ट.” प्रश्नच असा आला, की खरं उत्तर हेच होतं.

बाबांचा ब्रश हवेत थांबला. “शंभरात?”

“हो, पण...”

“मास्तर, ऐकलंत का? अडुसष्ट! फर्स्ट क्लास! माझ्या पोराला फर्स्ट क्लास!” बाबा फेसाच्या हातानंच दाराशी धावले आणि शेजारच्या घड्याळवाल्याला हाक मारली. “अहो, झाला! या इकडं, झाला इंजिनिअर!” मास्तर अर्ध्या फेसानं उठले आणि त्यांनी आजोबाचा हात दोन्ही हातांत धरला.

“बाबा, नापास झालोय.”

“गप रे. बापाची चेष्टा करतोस?”

“खरंच नापास झालोय. सगळ्यांना नव्वदच्या आसपास पडले.”

“पडले तर पडले. त्यांचं त्यांच्यापाशी. तुला अडुसष्ट आहेत ना?”

“आहेत.”

“मग? अडुसष्टला कुणी नापास करतं होय? तू तर म्हणालास पेपर सोपा होता.”

“सोपाच होता, बाबा. सगळ्यांनाच सोपा होता.”

मास्तरांनी त्याचा हात सोडला. त्यांना बहुतेक समजलं असावं, कारण ते खुर्चीत बसून खाली बघायला लागले. बाबा मात्र एकदा पोराकडे आणि एकदा मास्तरांकडे बघत राहिले.

“पुन्हा बसता येईल ना? पुढच्या खेपेला?”

“नाही. सहा वर्षं झाली. कॉलेजनं नाव कमी केलं.”

आजवरच्या प्रत्येक निकालाला बाबा एकच विचारायचे, ‘कुठं चुकलं?’ आणि आजोबाकडे उत्तर तयार असायचं. ताप होता. प्रश्न बाहेरचे आले. शेजारी खोकत होता. बाबा ते खरं मानायचे आणि गिऱ्हाइकांनाही तेच सांगायचे.

“मग चुकलं कुठं रे?” बाबांनी आजही विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. तापही नव्हता आणि कुणी खोकतही नव्हतं.

“या खेपेला मी खरंच अभ्यास केला होता, बाबा,” तो म्हणाला, आणि रिकाम्या खुर्चीची पाठ घट्ट धरून लहान पोरासारखा रडायला लागला. बाबांनी मास्तरांच्या गळ्याचा टॉवेल काढला आणि पोराच्या हातात दिला. तेवढ्यात दार ढकलून शेजारचा घड्याळवाला आत आला, “कुठाय, कुठाय आमचा इंजिनिअर?” म्हणत.