सही माझीच आहे

माझ्यावर फौजदारी खटला चालला होता, आणि तोही साधासुधा नव्हे, केंद्र सरकारचा. हे मी आज अभिमानानं सांगते. ऐकणारे आधी चपापतात आणि मग खुर्ची जवळ ओढतात.

हैदराबादेत तेव्हा राज्य तुटायचे दिवस होते. चिक्कडपल्लीत भाजी घ्यायला गेलं तरी प्रश्न यायचा, ‘तुम्ही इकडचे की तिकडचे?’ आम्ही मराठवाड्यातून आलेली बौद्ध माणसं, काय उत्तर देणार! मी केंद्राच्या एका कार्यालयात भांडार विभागात होते. तिथे नवी म्हणून मागवलेली मोजमापाची यंत्रं जुनीच, वरून रंग मारलेली निघाली आणि दिल्लीहून तपास आला. खोकी आली तेव्हा पोच म्हणून केलेली सही माझी होती. खोकी उघडून आतलं तपासणं आमच्या विभागाच्या साहेबांचं काम होतं. तरी आरोपपत्रात पाच जणांत माझंही नाव आलं. कट, फसवणूक, पदाचा गैरवापर! मला निलंबित केलं. दोषी ठरले असते तर नोकरी गेलीच असती, वर तुरुंग होता.

माझे बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं पहिलं म्हणणं, “खरं बोलायला वकील कशाला? वकील चोराला लागतो.” मी भडकले. म्हटलं, “मग तुम्हीच घाला काळा कोट!” ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी दारात उभे होते.

पहिले वकील हिमायतनगरचे. मोठं नाव, गारेगार ऑफिस. त्यांनी कागद चाळले, पण नेमकं काय घडलं ते मला विचारलंही नाही. म्हणाले, “बोल दो, सही मेरी नहीं. आगे मैं देख लेता.” मग हस्ताक्षरतज्ज्ञ येईल, त्याची उलटतपासणी होईल, वर्षं निघून जातील आणि संशयाचा फायदा मिळेल, असा त्यांचा हिशेब होता.

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले, “वकीलसाब, सही इसकीच है. मैं सिखाया हूँ.”

माझ्या आजोबांनी जन्मभर अंगठाच उठवला. कशावर उठवला ते त्यांना कधी कळलं नाही. बाबा आमच्या घरातले सही करणारे पहिले. मला त्यांनी पाटीवर सही शिकवली, तीही पूर्ण नावाची, आडनावासकट. नुसती दोन अक्षरं खरडलेली त्यांना खपायची नाहीत.

“अपनी सही को नक्को बोलना, ये अपने से नहीं होता,” ते म्हणाले.

“फिर जेल जाना पड़ता,” वकील माझ्याकडे बघून म्हणाले.

“जाऊंगी,” मी म्हटलं आणि फाइल उचलली. बाबांना घेऊन जिना उतरले. मान ताठ होती, आणि आजही त्या जिन्याची आठवण झाली की माझी छाती फुलते.

दुसरी वकील जामबागला भेटली. माझ्याच वयाची तेलुगू बाई, एका शाळेमागच्या गल्लीत तिची खोली होती. बाबांनी बसल्या बसल्या आपला सिद्धांत तिला ऐकवला, की वकील चोराला लागतो. ती शांतपणे म्हणाली, “अंकल, डॉक्टर मरनेवालेकोच लगता क्या?” बाबांनी फाइल तिच्यापुढे सरकवली. त्यांना गप्प करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली!

तिनं सगळी दुपार घातली. एकेक आरोप वाचला आणि प्रत्येकात सरकारला काय सिद्ध करावं लागेल ते समजावलं. आरोप म्हणजे निकाल नव्हे. सही केली एवढ्यानं कट होत नाही. आत खोटा माल आहे हे ठाऊक असून सही केली, असं त्यांनी दाखवायला हवं. तपासवाल्यांशी मी आधी काय काय बोलले ते तिनं खोदून विचारलं आणि बजावलं, की इथून पुढे केसबद्दल बाहेर अवाक्षर नको. शेवटी म्हणाली, “छूटने की गारंटी जो देता, उसके पास नक्को जाना. मैं भी नहीं देती.” तिथेच मी तिला वकील केलं.

अवाक्षर नको हे मला सांगितलं होतं, बाबांना कोण सांगणार? रविवारी विहारात वंदना संपल्यावर ते सगळ्यांसमोर उभे राहिले. “माझ्या पोरीवर केंद्राची केस झाली. आम्ही लढायलो. लपवायचं चोरानं.” धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण त्या दिवसापासून कुजबुज थांबली, कारण कुजबुजायला काही उरलंच नव्हतं.

मग कधी वकिलांचा बहिष्कार, कधी बंद. तारखा पुढे पुढे जात राहिल्या. एका राज्याची दोन राज्यं झाली, माझी केस मात्र केंद्राची, ती अखंड राहिली. अखेर न्यायाधीशांनी प्रत्येक आरोपीला उभं करून विचारलं, कागदावरची सही तुमची का. माझ्याआधीच्या दोघांनी आपापल्या सह्या नाकारल्या. माझी पाळी आली.

“सही माझीच आहे,” मी म्हटलं. “बंद खोकी आली, बंद खोक्यांची पोच दिली. आत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं.”

निकालाच्या दिवशी बाबा सकाळपासून मांडीवर कापडी पिशवी घेऊन कोर्टात बसले होते. साहेबांना शिक्षा झाली. मी निर्दोष सुटले. बाहेर आल्यावर पोटात आग पडल्याचं कळलं. पिशवीत डबा असणार म्हणून मी ती ओढून उघडली.

आत माझ्या दोन सुती साड्या होत्या, टॉवेल, साबण, माझ्या थायरॉइडच्या गोळ्या आणि तळाशी घडी घातलेली चादर.

वकिलाला तोंडावर नाही म्हणणारा, विहारात छाती काढून बोलणारा माझा बाप चादर परत पिशवीत कोंबत होता.

“तू खरं बोलशील हे मला ठाऊक होतं, पोरी,” ते म्हणाले. “कोर्ट काय करंल ते ठाऊक नव्हतं.”