पाच एकबारी रायफली

रत्नागिरीत मला बंदुकांनी वेडावलेला वकील म्हणत. म्हणोत बापडे. माझ्याकडे नेमबाजीच्या पाच जुन्या रायफली होत्या, पाचही एकबारी. एक काडतूस घालायचं, उडवायचं, रिकामं काढून दुसरं घालायचं. बार इतका हलका, की शेजारच्या कलमावरचा कावळाही उडत नसे.

पहिली मात्र शौकानं घेतली, एकोणीसशे वीसच्या सुमारास, बदली होऊन निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून. परसातल्या चिऱ्याच्या गडग्याला पुठ्ठा टेकवून आम्ही नवराबायको नेम धरायचो. महिन्याभरात बायकोनं मला मागं टाकलं. नऊवारीचा पदर खोचून ती श्वास रोखायची आणि पुठ्ठ्यावरच्या काळ्या ठिपक्याच्या जागी भोक पडायचं. मी चिडायचो. "वकीलसाहेब, पुरावा बघा," म्हणून ती हसायची. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

तिचं माहेर देवरुखकडचं. त्यांच्या घरी ठासणीची बंदूक होती. दसऱ्याला तिची पूजा झाली, की घरातल्या बाईनं ती रिकामीच तीनदा वाजवायची, म्हणजे हत्यार वर्षभर जागं राहतं, अशी तिकडची रीत. आमच्याकडेही तिनं रायफलीला हळदकुंकू वाहिलं आणि तीनदा चाप ओढला. मी कौतुकानं बघत उभा होतो.

दिवाळीनंतर दोन वकील मित्रांना नेमबाजी दाखवायला बसलो, तर चारातली तीन काडतुसं फुसकी निघाली. या काडतुसांची पेट घेणारी दारू बुडाच्या काठात असते आणि बंदुकीची सुई त्या काठावर आपटते. आत काडतूस नसलं, तर ती नळीच्या लोखंडावरच बसते. मी वाकून पाहिलं, तर लोखंडाच्या कडेला खड्डा! काडतुसाच्या काठाला तिथे टेकूच नाही, मग सुईचा ठोका बसणार कसा? राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. चहा घेऊन आलेल्या बायकोवर मी मित्रांदेखत ओरडलो, "तुझ्या त्या खेडवळ रीतीनं वाटोळं केलंस! पुन्हा बंदुकीला हात लावायचा नाही!"

"नाही लावणार. शब्द देते," ती म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

रायफल मी आगबोटीनं मुंबईच्या एका बंदूकवाल्याकडे धाडली. त्याचं पत्र आलं. खड्डा फार जुना होता, चपट्या सुईनं पडलेला, आणि आताची सुई तर गोल. पूर्वी कुणीतरी तो भरून काढला होता, तो भराव आता निघाला. तीनदा चाप ओढून असा खड्डा पडत नाही, हे त्यानं स्पष्ट लिहिलं होतं.

पत्र घेऊन मी तडक स्वयंपाकघरात गेलो. आमच्या वेळी नवरे बायकोची माफी मागत नसत, मी मागितली. हुकूम मागे घेतो म्हणालो.

"हुकूम तुमचा होता, तो तुम्ही घ्या मागे," तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली. "शब्द माझा आहे."

बाकीच्या चार रायफली मी त्यानंतर घेतल्या. लोकांना वाटे, छंद वाढला. एकीचा दस्ता आखूड, एक वजनाला हलकी, एकीवर बारीक वेलबुट्टी. दर वेळी तिचा खांदा डोळ्यांपुढे आणून मी निवड करी आणि परवान्यासाठी कचेरीत खेटे घाली. पेटी उघडली, की ती लांबून बघून "छान आहे हो" म्हणायची, आणि तिला ती खरोखरच आवडलेली असायची. अबोला धरला असता, तर मी एखादे दिवशी भांडून मोकळा झालो असतो. पण ती बोलायची, हसायची, फणसाच्या दिवसांत माझ्यासाठी सांदणं करायची. नेमाला तेवढी आली नाही. अशी नऊ वर्षं गेली.

पाचवी आली तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी ती रायफल तिच्या अंथरुणावर, अगदी हाताजवळ ठेवली. "एकदा नुसतं बोट लाव गं, माझ्यासाठी," म्हणताना मला रडू आवरेना. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. रायफलीकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं तो हात सावकाश गोधडीखाली घेतला.