सुमनबाईची शिकवणी

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, त्याला चार-पाच महिने होऊन गेले होते. हात सुधारला, पाय सुधारला, काठी टेकत परसदारापर्यंत जायला लागले. पण तोंडातून शब्द निघेना. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, जीभ हलते आहे, रोज मोठ्यानं बोलायचा सराव करून घ्या, आणि आत्ताच घ्या, नाहीतर वाचा कायमची बसेल. सराव कसला! एकदा 'भाकरी' म्हणायला गेले, भलतंच काहीतरी उमटलं, आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी जे ओठ मिटले ते मिटलेच. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, जत ते सांगली गाडीभर लोकांना हसवत नेणारा. मी गोंजारलं, विनवलं, रागावले, एकदा तर जेवण वाढायचं अडवून बघितलं. भिंतीकडं तोंड. देवापुढं तरी किती रडायचं? शेवटी प्रार्थनेत मी एवढंच म्हणायला लागले, "प्रभू, तुला ऐकू येतंय ना? मग झालं तर."

अशात एका रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चचे पाळकसाहेब एका मुलीला घेऊन दारात उभे. कोरियातून आलेली नवी मिशनरी. पुढं मुलींच्या वसतिगृहावर काम करायचं, पण आधी भाषा यायला हवी, म्हणून काही महिने तुमच्याकडं राहू दे, म्हणाले. "इथल्या बोलण्यात कानडी फार. तुमचं मराठी कसं, साताऱ्याकडचं, स्वच्छ." रहिमतपूरचं माहेर असं अंगाशी आलं. घरात एक आजारी माणूस आहे, दुसरं कशाला माझ्या गळ्यात मारता, असं ओठांवर आलं होतं. पण पाळकांना नाही म्हणवेना. मुलीचं नाव सूमिन. आमच्या आळीनं दुसऱ्याच दिवशी तिची सुमनबाई करून टाकली.

सुमनबाईचे प्रताप काय सांगू! येईल त्याला कमरेत वाकून नमस्कार. दूधवाला, पोस्टमन, शेजारच्या शमाभाभीची सासू, गल्लीतून जाणारा मेंढपाळ. त्याच्या मेंढरांना सोडलं हेच नशीब. पाण्याचा टँकर रोज येत नाही हे तिच्या डोक्यात शिरेना, सकाळी दोन बादल्यांनी केस धुऊन मोकळी. कोबीत मिरची-मीठ कालवून बरणी फडताळात आंबत ठेवली, त्या वासानं मला घरात बसवेना. खर्डा मात्र भाकरीवर थापून असा खायची की शमाभाभी म्हणाली, "आवं, जीभ हाय का चामडं? लय तिखाट खाती की पोरगी!" आणि दर घटकेला प्रश्न. मावशी, हे काय? मावशी, ते का? मधेच चुलीपाशी बसून रडायची, मोडक्यातोडक्या भाषेत म्हणायची, देवाचं काम करायला आले आणि मला धड पाणी मागता येत नाही. मला तिची दया यायला हवी होती. मला वैताग आला.

एका दुपारी मी तिच्यापुढं हात जोडले. लहान मुलांची अंकलिपी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "काकांजवळ जाऊन बस. तिथं वाच." माझ्यामागची पीडा टळावी, एवढाच हेतू. तेव्हापासून रोज दुपारी ती ह्यांच्या कॉटजवळ जमिनीवर बसून मोठ्यानं वाचायची आणि हे आढ्याकडं बघत पडून राहायचे. वाचायची म्हणजे काय, शब्दांचा नुसता चेंदामेंदा करायची, पण लाज म्हणून नाही.

एके दिवशी टँकर अवेळी आला. गल्लीत ही झुंबड. पाइपसाठी भांडून, बॅरल भरून, कमरेवर घागर घेऊन मी दाराशी आले, तर आत सुमन झाडाच्या चित्रावर अडलेली. "चाल," ती म्हणत होती. "चाल. चाल." आणि मग दुसरा आवाज आला, खरखरीत, चिडलेला.

"झा... झाड!"

"चाल?"

"न्हाई! झाड गं!"

मी इतकी गोंजारत होते तेव्हा मुके, आणि ह्या पोरीला वैतागून माणसानं तोंड उघडलं होतं. आत धावावंसं वाटलं. पण मी दिसले की ओठ पुन्हा मिटणार, हे मला कळलं. माझ्यापुढं त्यांना लाज वाटत होती, कारण त्यांचं आधीचं बोलणं मी ऐकलेलं होतं. तिनं ते कधी ऐकलं नव्हतं, आणि ती तर त्यांच्याहून जास्त चुकत होती. मी घागर हळूच खाली ठेवली आणि बाहेरच्या पायरीवर बसले.

मग रोज दुपारी ती आत, मी बाहेर. खरं सांगते, आनंदापेक्षा राग जास्त यायचा. इतकी वर्षं रांधून वाढलं मी, आजारपणात अंथरूण धुतलं मी, आणि पहिला शब्द कुणाला, तर त्या कोबी आंबवणारीला! देवाशीही भांडले. म्हटलं, द्यायचंच होतं तर माझ्या हातून दिलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं? उत्तर आलं नाही. आतून मात्र शब्द येत राहिले. दार, मीठ, मेंढरू, पुढं दोन-दोन शब्द जोडून. माझ्या हट्टानं झालं नाही ते माझ्यावाचून चाललं होतं, आणि माझ्या वाट्याला सेवा एवढीच होती की मध्ये कडमडायचं नाही. याहून अवघड सेवा प्रभूनं मला कधी दिली नाही. हळूहळू माझं भांडण दमलं. पायरीवर बसून मी नुसतं "बरं, तू बघ" म्हणायला लागले आणि तेवढ्यावर गप्प राहायला शिकले.

सुमनला वसतिगृहावर न्यायला पाळकसाहेब आले तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली. "मावशी, मी इथं काही काम केलं नाही. फक्त खाल्लं आणि शिकले." तिचे दोन्ही हात धरून मी नाही-नाही अशी मान हलवत राहिले.

ती गेली. दुपार झाली आणि सवयीनं मी पायरीवर जाऊन बसले. आत सगळं शांत. शिकवणी संपली, म्हणजे बोलणंही संपलं, असं वाटलं. तरी उठले नाही. म्हटलं, तू दिलंस, तू बघ. मग आत कॉट करकरली, काठी वाजली आणि वैतागलेला आवाज आला. अडखळत, पण मलाच उद्देशून.

"आगं... रोज काय भाईर बसतीस? आत... ये की."